माहिती असून सापडत नसेल, तर उपयोग काय?

वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगे जमिनीतून वर येतात आणि तिन्हीसांजेला बाभळी-कडुलिंबावर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारायचे. पण ही संधी थोड्याच दिवसांची असते. एकदा अंडी घातली गेली की अळी मुळ्या खाते आणि भाद्रपदात ऊस वाळलेला दिसतो.

ही माहिती मी गडहिंग्लज भागासाठी केलेल्या माझ्या छोट्या संकेतस्थळावर घातली होती. शोधायची खिडकीही जोडली होती. तरी भाद्रपदात एक काका वाळलेलं बेट हातात घेऊन आले. म्हणाले, "साहेब, वळवातच शोधलं की तुमच्या साइटवर. काय बी नाही म्हणालं!" मी स्वतः करून पाहिलं. काका खरं बोलत होते.

चूक कुठे झाली?

मी छापील पत्रकाचे फोटो काढून पीडीएफ चढवली होती. माणसाला त्यात अक्षरे दिसतात, यंत्राला नुसते चित्र. शिवाय काकांनी 'हुमनी' लिहिले होते. साधी शोधखिडकी अक्षराला अक्षर जुळवते. 'ण'चा 'न' झाला की संपले.

काय करावे?

आता अनेक ग्रामपंचायती, विकास सोसायट्या व शेतकरी कंपन्या संकेतस्थळे करतात. त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) वर्डप्रेसवरील स्थळात शोधाची सोय तयारच असते, ती पानाच्या माथ्यावर आणून ठेवावी. मात्र पीडीएफच्या आतला मजकूर ती वाचत नाही. साध्या स्थळाला गुगलची शोधखिडकी मोफत जोडता येते, पण निकालात जाहिराती येतात.

२) मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटातला मजकूर यंत्राला इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटतो.

३) पानाखाली लोकांच्या तोंडचे शब्द लिहावेत. रब्बी ज्वारीच्या पानावर शाळू आणि जोंधळा, भुईमुगाच्या पानावर शेंगा. चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाचे शब्दही घालावेत. तिथे लाजू नये.

४) ठराव, दाखले व योजना यांना क्रमांक आणि तारीख द्यावी. महाभूलेखवर सातबारा नावानेही शोधता येतो आणि गट नंबरनेही. पण नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली की घोटाळा, गट नंबरला ती भीती नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्येही कागदपत्रे सूची करून, सहज सापडतील अशी ठेवण्यास सांगितले आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मी आता हुमणीचे पान नव्याने टाइप केले आहे. खाली 'हुमनी', 'मुळं खाणारी अळी', 'ऊस वाळतोय' हे शब्दही घातलेत. काकांचा ऊस गेला तो गेला, पण पुढच्या वळवाला तरी हे पान वेळेत सापडेल.

शेवटी एकच सांगणे. खिडकी जोडून झाली की आपली आपण तपासू नये. गावातल्या एखाद्या काकांच्या किंवा मावशींच्या हातात मोबाइल द्यावा, "शोधा" म्हणावे आणि गप्प बसावे. जे त्यांना सापडले नाही, ते वहीत लिहून घ्यावे. पुढची दुरुस्ती तिथूनच सुरू होते.