खिशांतला कॅमेरा आणि त्याचें भिंग

घरांतील एखादी वस्तु सर्वांच्या मालकीची झाली म्हणजे तिची निगा बहुधा कोणाच्याच वांट्याला येत नाहीं. लहान कॅमेऱ्याची गोष्ट अशीच आहे. मुंजीला तो थोरल्या काकांच्या हातीं असतो, सहलीला मुलांच्या खिशांत, आणि वर्षाचे उरलेले दिवस कपाटाच्या खणांत, किल्ल्या व सुट्या पैशांच्या शेजारीं. एके दिवशीं त्याच्या भिंगावर चरे आढळतात आणि ‘हें कोणी केलें?’ असा प्रश्न घरभर फिरतो. वास्तविक विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : हें कशानें झालें? त्याचें उत्तर घरांतील सर्वांस ठाऊक असेल, तर पहिला प्रश्न विचारण्याची वेळ सहसा येणार नाहीं.

कांचेवर चरा पडावयाचा तर तिच्याहून कठीण पदार्थ तिच्यावर घांसला गेला पाहिजे. फ्रीड्रिख मोस या शास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या काठिण्याची एक श्रेणी लाविली. तींत शंखजिरें १ वर आणि हिरा १० वर आहे. साधी कांच साडेपांचाच्या आसपास येते, पितळ तीनच्या. म्हणजे नुसती पितळी किल्ली लागल्यानें कांचेवर सहसा ओरखडा उठत नाहीं. पोलादी किल्लीचा भरंवसा मात्र धरतां येत नाहीं. खरा वैरी त्या किल्लीला किंवा खिशाच्या शिवणीला चिकटलेला कण होय. वाळूंतील गारगोटीच्या कणांचें काठिण्य ७ आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण घेतला तरी त्यांतील फेल्स्पार नांवाचें खनिज ६ च्या खालीं येत नाहीं. तेव्हां समुद्रकांठची वाळू असो वा गडाच्या पायवाटेवरची धूळ असो, भिंगाला दोहोंपासून भय आहे.

शिवाय भिंगाची कांच उघडी नसते. तिच्यावर एक अत्यंत पातळ लेप असतो. कोऱ्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारें शेंकडा ४ प्रकाश परत फिरतो व त्यामुळें चित्र फिकें पडतें. हा तोटा कमी करणारा लेप १९३५ सालीं त्साइस कारखान्यांतील स्माकुला या शास्त्रज्ञानें सिद्ध केला. अशा एकेरी लेपाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी असते. कांच शाबूत राहूनहि हा लेप ओरबाडला जाऊं शकतो, आणि घरच्या घरीं तो पुन्हां चढवितां येत नाहीं.

एखाद्या बारीक चऱ्यानें छायाचित्र लगेच बिघडतें असें मात्र नाहीं. चरा भिंगाच्या अगदीं पुढें असल्यामुळें त्याची आकृति चित्रांत स्पष्ट उमटत नाहीं. परंतु सूर्य किंवा दिवा समोर आला कीं तोच चरा प्रकाश विखुरतो आणि चित्रावर धुक्यासारखा पडदा येतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या रुंद भिंगावर जो चरा क्षुल्लक ठरतो, तोच या छोट्या भिंगाचा बराच भाग व्यापतो.

पुष्कळ लहान कॅमेऱ्यांत बंद करतांच भिंगापुढें दोन पातळ पाकळ्या मिटतात. त्यांच्यावर लोकांचा भलताच विश्वास असतो. या पाकळ्या बोट लागूं देत नाहींत हें खरें. पण त्यांच्या फटींतून धूळ आंत शिरते, आणि खच्चून भरलेल्या खिशांत दाब पडला तर त्या वांकतात. चालू करण्याची कळ खिशांतच दाबली गेली तर भिंगाची नळी बाहेर येऊं पाहते व कचरा सोबत घेऊन परत जाते. या दृष्टीनें १९७९ सालच्या ऑलिंपस एक्स-ए या कॅमेऱ्याची रचना लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्याच्या पुढील भागावर एक टणक सरकतें झांकण होतें. तें बाजूला सारल्याखेरीज छायाचित्र घेतांच येत नसे.

ज्यांच्या कॅमेऱ्याला असें झांकण नाहीं त्यांनीं एक थैली शिवून घ्यावी. जुन्या, पुष्कळदां धुतलेल्या सुती पातळाचें दुहेरी कापड यास उत्तम. जरीचा कांठ कटाक्षानें वगळावा, शिवण बाहेरच्या अंगास ठेवावी आणि तोंडाला धातूचें बटण न लावतां नाडी ओंवावी. थैलींत कॅमेऱ्याखेरीज दुसरें कांहीं ठेवूं नये, व महिन्यांतून एकदां ती उलटी करून, झटकून धुवावी. मळकी थैली ही थैली नसण्याहून वाईट. कारण तींत सांठलेली धूळ कॅमेऱ्यावर पावलोपावलीं घांसली जाते. समुद्रकांठीं गेल्यास थैलीवर आणखी एक प्लॅस्टिकची पिशवी असावी, आणि कॅमेरा वाळूवर कधींहि ठेवूं नये.

इतकें करूनहि भिंगावर धूळ बसतेच, आणि पुष्कळ चरे प्रवासांत न पडतां ती पुसतांना पडतात. उपरण्याचें किंवा पदराचें टोंक घेऊन भिंग चोळणें म्हणजे त्यावरील कणांनीं तें घांसणेंच होय. यासाठीं क्रम ठरलेला असावा. प्रथम रबरी फुगा दाबून हवेनें धूळ उडवावी. तोंडानें फुंकूं नये, कारण त्याबरोबर थुंकीचे तुषार जातात. मग मऊ केसांचा कुंचला हलकेच फिरवावा. बोटाचा डाग राहिला असेल तरच भिंगासाठीं मिळणाऱ्या द्रवाचा एक थेंब स्वच्छ मऊ कापडावर घेऊन मध्यापासून कडेकडे पुसावें. द्रव भिंगावर ओतूं नये. दंतमंजनानें चरे जातात असें सांगणारे भेटतात. त्यानें चरा जात नाहीं, उरलासुरला लेप मात्र जातो.

हे नियम मोठ्यांनीं मुलांना सांगावेतच, पण आपणहि पाळावेत. कॅमेरा कुलुपांत ठेवल्यानें भिंग सुरक्षित राहील, पण मग चित्रें कोण काढील? मुलांच्या हातीं तो द्यावा आणि थैलीहि द्यावी. घरांतील कार्यें पुन्हां घडवून आणतां येत नाहींत. आज अंगणांत उन्हाला बसलेल्या आजीचें चित्र धुरकट निघालें, तर तें उद्यां पुन्हां काढूं असें म्हणण्याइतका अवधि प्रत्येक घराला मिळतोच असें नाहीं.