जुनी बोट, परदेशी बंदर आणि भाटघरचा काठ: आयातकराविषयीचे गैरसमज

भोर तालुक्यातील भाटघर व नीरा देवघर, तसेच वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील पानशेत व गुंजवणी या जलाशयांच्या काठी ज्याला नौकाविहाराचा व्यवसाय करावयाचा आहे, किंवा ज्याला स्वतःच्या शेतघरापाशी एखादी बोट ठेवण्याची हौस आहे, त्याला नव्या बोटीच्या किमती ऐकल्यावर वापरलेल्या बोटीचा विचार सुचतो. अशी बोट गोव्यात मिळते, मुंबईत मिळते, आणि आप्तांपैकी कोणी आखाती देशात असेल तर दुबईतील बोट निम्म्या किमतीत मिळत असल्याचा निरोपही येतो. हे तिन्ही व्यवहार ‘बाहेरून बोट आणणे’ या एकाच नावाने बोलले जातात. वास्तविक कायद्याच्या दृष्टीने पहिले दोन एका जातीचे आणि तिसरा अगदी निराळ्या जातीचा आहे, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ या सरमिसळीत आहे.

राज्याची सीमा ओलांडली की आयातकर लागतो, ही समजूत जकात नाक्यांच्या काळातील आहे. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्याने पणजीहून आलेली वस्तू खरोखरच परदेशातून आलेली असे; आज गोव्याहून भोरला येणाऱ्या बोटीवर सीमाशुल्क, म्हणजे देशाच्या सीमेवर आयात मालावर घेतला जाणारा कर, लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून राज्यांचे प्रवेशकर व जकातही इतिहासजमा झाली आहे. विकणारा खाजगी गृहस्थ असेल आणि विक्री त्याच्या व्यवसायाचा भाग नसेल तर या व्यवहारावर वस्तू व सेवा करही येत नाही. विकणारा जुन्या बोटींचा नोंदणीकृत व्यापारी असेल, तर खरेदीवरील कराची वजावट न घेतल्यास त्याला खरेदी व विक्री यांच्या किमतींतील फरकावर कर भरण्याची मुभा नियमांत आहे.

मात्र यातूनच उलट दिशेचा गैरसमज जन्मतो. देशातल्या देशात बोट घेतली म्हणजे सीमाशुल्काशी आपला संबंध संपला, असे खरेदीदार गृहीत धरतो. परंतु ती बोट मुळात परदेशातून शुल्क न भरता किंवा परवान्यावाचून आणलेली असेल, तर १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमानुसार जप्तीची टांगती तलवार मालावरच असते, आणि मालक बदलला म्हणून ती दूर होत नाही. यास्तव परदेशी बनावटीची बोट देशात घेताना मूळ ‘बिल ऑफ एंट्री’, म्हणजे आयातदाराने सीमाशुल्क खात्याकडे दाखल केलेले मालाचे विवरणपत्र, मागून पाहणे आवश्यक ठरते. विकणारा तेवढा एकच कागद दाखवण्यास टाळाटाळ करीत असेल, तर किमतीची घासाघीस तेथेच थांबवलेली बरी.

परदेशातून थेट आयातीविषयी सर्वांत महाग पडणारा गैरसमज असा की, जुन्या वस्तूवर कर कमी असतो. शुल्काचा दर वस्तूच्या वयावर नव्हे, तर तिच्या वर्गीकरणावर अवलंबून असतो. सीमाशुल्क दरसूचीच्या ८९ व्या प्रकरणात जहाजे व नौका येतात. त्यांत प्रवासी वाहतुकीच्या फेरीबोटी, मासेमारीच्या नौका आणि विहार वा क्रीडेसाठीच्या बोटी यांची शीर्षके स्वतंत्र आहेत. विहाराची स्पीडबोट किंवा यॉट ८९०३ या शीर्षकाखाली मोडते आणि तिच्यावरील भार सर्वाधिक असतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात या शीर्षकावरील मूळ सीमाशुल्क २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले, त्याचा ‘बोटी स्वस्त झाल्या’ असा अर्थ काढला गेला; परंतु त्याच वेळी ७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आला आणि पूर्वीचा समाजकल्याण अधिभार गेला, त्यामुळे आधीची बेरीज २७.५ टक्के होती ती २७.५ टक्केच राहिली. बोटीवर शेतीचा उपकर, ही करपद्धतीची गंमत भोरच्या शेतकऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यापुढे एकात्मिक वस्तू व सेवा कर येतो, आणि येथे बेरजेची चूक हमखास होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉट व विहारनौकांवर या कराचा दर ४० टक्के आहे, तेव्हा २७.५ आणि ४० मिळून ६७.५ टक्के असा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात हा कर केवळ किमतीवर नव्हे, तर किंमत अधिक सीमाशुल्क या एकूण रकमेवर आकारला जातो. समजा, दुबईत एक वापरलेली स्पीडबोट ८ लाख रुपयांना ठरली, समुद्रमार्गाचे भाडे १ लाख ८० हजार आणि विमा २० हजार झाला, तर आकारणीयोग्य मूल्य १० लाख होते, कारण भारतीय बंदरापर्यंतचे भाडे व विमा मूल्यात धरावेच लागतात. त्यावर २ लाख ७५ हजार रुपये सीमाशुल्क व उपकर, आणि मग १२ लाख ७५ हजारांवर ४० टक्के म्हणजे ५ लाख १० हजार रुपये कर. एकूण भरणा ७ लाख ८५ हजार, म्हणजे मूल्याच्या ७८.५ टक्के; निम्म्या किमतीत मिळालेली बोट न्हावाशेवा बंदरातून सोडवून बाहेर काढेपर्यंत पूर्ण किमतीच्या घरात जाते. न्हावाशेव्याहून कापूरहोळमार्गे भोरपर्यंत ट्रेलरने आणण्याचा खर्च मात्र या मूल्यात धरला जात नाही.

‘मग पावतीच कमी रकमेची करून घ्यावी’ हा सल्ला देणारे लोक सर्वत्र भेटतात. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १४ नुसार प्रत्यक्ष दिलेली किंमत हाच मूल्याचा पाया असला, तरी २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनी अधिकाऱ्याला त्या किमतीच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचा आणि वाजवी खुलासा न मिळाल्यास ती नाकारण्याचा अधिकार दिला आहे. वापरलेल्या यंत्रसामग्रीच्या बाबतीत चार्टर्ड इंजिनिअरचे, म्हणजे वस्तूची स्थिती, वय व उरलेले आयुष्य तपासणाऱ्या मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र मागण्याची रूढी आहे. नातेवाइकाने भेट म्हणून पाठवलेल्या बोटीलाही यातून सुटका नाही, कारण भेट ही विक्री नसल्याने तेथे पावतीची किंमत चालत नाही, इतकेच. मूल्य अन्य मार्गाने ठरते आणि शुल्क लागतेच.

दुबईविषयी आणखी एक भाबडी अपेक्षा आढळते. भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून अमलात आहे, तेव्हा तेथून आणलेल्या वस्तूवर सवलत मिळणारच, असे मानले जाते. अशा करारांतील सवलत वस्तू कोठून विकत घेतली यावर नव्हे, तर ती कोठे बनली यावर, म्हणजे तिच्या ‘उद्गमा’वर, अवलंबून असते, आणि तो सिद्ध करणारे प्रमाणपत्र व माहिती जवळ बाळगण्याची जबाबदारी २०२० च्या नियमांनी आयातदारावर टाकली आहे; इटलीत बांधलेली बोट दुबईच्या धक्क्यावर दहा वर्षे उभी राहिली म्हणून अमिरातीची होत नाही. तसेच, युरोपात वा अमिरातीत पहिल्या मालकाने भरलेला मूल्यवर्धित कर भारतातील देण्यातून वजा होत नाही. शुल्काचा दर व रुपयाचा विनिमयदरही सौदा ठरला त्या दिवसाचा नसतो: विनिमयदर बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या तारखेचा धरतात, आणि विवरणपत्र जहाज येण्याआधीच दाखल केले असेल तर शुल्काच्या दरासाठी जहाजाच्या आगमनाची तारीख पाहतात.

कर भरण्याची तयारी असली की बोट आणता येतेच, हाही समज अपुरा आहे. विदेश व्यापार धोरणानुसार वापरलेल्या भांडवली वस्तू, म्हणजे उत्पादनासाठी किंवा सेवा पुरवण्यासाठी लागणारी साधने, काही अपवाद वगळता मुक्तपणे आणता येतात. परंतु भांडवली नसलेल्या वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित असून तिला विदेश व्यापार महासंचालनालयाची पूर्वपरवानगी लागते. पानशेतला प्रवासी फिरवण्यासाठी आणलेली बोट आणि केवळ घरच्यांच्या हौसेसाठी आणलेली बोट यांत त्यामुळे कायद्याने मोठे अंतर पडते, आणि दुसऱ्या प्रकारात परवानगीवाचून माल बंदरात उतरवणाऱ्यास शुल्काखेरीज जप्ती सोडवण्याचा दंडही भरावा लागू शकतो.

हेच अंतर कराच्या वजावटीतही दिसते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १७(५) ने नौकांवरील कराची वजावट सर्वसाधारणपणे रोखली आहे, मात्र प्रवासी वा मालवाहतूक, पुनर्विक्री आणि नौकानयनाचे प्रशिक्षण यांसाठी ती खुली ठेवली आहे. तिकीट लावून प्रवासी फिरवणारा नोंदणीकृत व्यावसायिक, त्या तिकिटावर कर भरीत असेल तर, वरील उदाहरणातील ५ लाख १० हजारांची वजावट मागू शकतो. २ लाख ७५ हजारांचे सीमाशुल्क व उपकर मात्र त्याच्या खर्चातच राहतात.

बोटीबरोबर येणारा ट्रेलर बोटीचा भाग समजला जातो, पण दरसूचीत त्याचे शीर्षक ८७१६ हे वेगळे आहे. बोटीवर बसवलेले आउटबोर्ड इंजिन बोटीतच मोजले जाते, सुटे मागवल्यास त्याचेही वर्गीकरण बदलते. शुल्क भरल्याची पावती ही नोंदणी नव्हे, हेही ओघाने येते. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ यंत्रचलित बोटीला नोंदणी व सर्वेक्षण प्रमाणपत्र बंधनकारक करतो, आणि एका राज्यातील नोंदणी आता देशभर ग्राह्य असल्याने गोव्यात नोंदलेल्या बोटीची महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करण्याऐवजी मालकीबदल नोंदवावा लागतो. भाटघरच्या पाण्यात ती उतरवण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते ती निराळीच, आणि पुष्कळदा ती सर्वांत शेवटी आठवते.