दुसऱ्या मॉडेलचे इंजिन आपल्या ट्रकात बसते का?

राज्यातील खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. त्या काळात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांत खनिजवाहू ट्रक रांगेने उभे राहिले. उभ्या ट्रकाचे इंजिनही खराब होते : लायनरला गंज चढतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, सील सुकून फाटतात. असा ट्रक पुन्हा रस्त्यावर आणताना, किंवा चालत्या ट्रकाचा ब्लॉक फुटल्यावर, मालकाला हमखास एक सल्ला मिळतो : त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचे जुने इंजिन आणा आणि चढवा. सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण ‘त्याच कंपनीचे’ या दोन शब्दांवर विसंबणे महागात पडते.

टाटांच्या इंजिनांचेच उदाहरण घ्या. ‘४९७’ म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. ‘६९७’ म्हणजे सहा सिलिंडर, व्यास तोच. नावावरून सख्खी भावंडे वाटतात. परंतु ४०७ गाडीतील ४९७ एसपी इंजिनात पिस्टनची धाव १०० मिलिमीटर आहे, तर ६९७ मध्ये १२८. क्षमता अनुक्रमे २,९५६ आणि ५,६७५ घनसेंटिमीटर. उलट, टाटांच्याच ट्रकांत बसलेले ५,८८३ घनसेंटिमीटरचे कमिन्स इंजिन क्षमतेने ६९७ च्या जवळचे; पण त्याचा व्यास १०२, धाव १२०, आणि घराणे सर्वस्वी वेगळे. ट्रकावरील ‘१६१३’ सारख्या आकड्यातून एकूण वजन आणि शक्ती यांचा अंदाज येतो, इंजिनाचे कूळ कळत नाही.

म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वी टेप घेऊन मोजमाप करावे. बेल हाउसिंगची भोके जुळतात का, फ्लायव्हील आणि क्लच प्लेटचा व्यास तोच आहे का, माउंटिंग चॅसिसवरील जुन्या जागी येते का, सम्पचा खोलगट भाग पुढच्या अ‍ॅक्सलवर आदळतो का? यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही, तर वेल्डिंग आणि लेथचा खर्च सुरू होतो आणि स्वस्त इंजिन स्वस्त राहत नाही. साध्या इंजिनाच्या जागी टर्बो इंजिन घेतले, तर उष्णता वाढते, म्हणजे रेडिएटरही बदलावा लागतो. शिवाय वाढलेला टॉर्क जुन्या गिअरबॉक्सला पेलेलच असे नाही.

यांत्रिक इंधनपंपाच्या जुन्या इंजिनांपुरते हे सारे अनुभवी फिटरच्या आवाक्यातले आहे. २०१७ पासूनच्या बीएस-४ आणि २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत मात्र इंजिन, संगणक, सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा एकमेकांशी बांधलेली असतात. तेथे तंतोतंत त्याच प्रकाराव्यतिरिक्त दुसरे इंजिन बसविण्याचा विचारच करू नये.

मूळ इंजिन का गेले, हा प्रश्न बहुतेक जण विचारीत नाहीत. रेडिएटर मातीने तुंबला होता, एअर फिल्टरमधून खाणीची लाल धूळ आत जात होती, की तेलाचा दाब कमी होता? कारण चॅसिसवर तसेच राहिले, तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाते. आणि बिघाड लायनर-पिस्टनपुरता असेल, तर जुन्याच ब्लॉकची दुरुस्ती बहुधा अधिक शहाणपणाची.

कागदपत्रांची बाजू तितकीच गंभीर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तरतुदीवर भर दिला. त्याच कलमानुसार, किमान दहा वाहतूक वाहने असलेल्या मालकांना पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचनेने देऊ शकते. पण तीही ‘त्याच बनावटीच्या व त्याच प्रकारच्या’ इंजिनापुरती, आणि बदलाची माहिती १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला देण्याच्या अटीवर. एक-दोन ट्रकांच्या मालकाने आगाऊ रक्कम देण्याआधीच वाहतूक खात्यात विचारणा करावी. बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. नोंदणीपत्रावरील क्रमांक आणि गाडीतील क्रमांक वेगळे असतील, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यालाही तीच अडचण.

जुन्या इंजिनाचे बिल त्यावरील क्रमांकासह घ्यावे आणि ते कोणत्या ट्रकातून निघाले, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. क्रमांक खोडलेला ब्लॉक असेल, तर भाव न विचारताच परतावे.