'शोले'तील रामगढ कोठे आणि केव्हा? : चित्रपटकथेचे स्थळ व काळ ठरविण्याची पद्धती

बीजशब्द : कथास्थळ, कथाकाळ, अंतर्गत पुरावा, कालविपर्यास, वेस्टर्न चित्रपट

प्रस्तावना

चित्रपट हा समाजजीवनाचा आरसा आहे, असे विधान चर्चासत्रांतून आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून वारंवार केले जाते. पण आरशात दिसणारे गाव कोणते आणि कोणत्या काळातले, हे ठरविल्याशिवाय या विधानाला अर्थ प्राप्त होत नाही. 'चित्रपटातील ग्रामीण जीवन' या विषयावर लिहिणारा अभ्यासक कल्पित गावालाच पुरावा मानू लागला, तर त्याचे निष्कर्ष डळमळीत होतात. म्हणून कल्पित कथेचे स्थळ व काळ कसे निश्चित करावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी 'शोले' (१९७५) हा हिंदी चित्रपट मुख्य उदाहरण म्हणून घेतला असून तुलनेसाठी 'सामना' (१९७४) हा मराठी चित्रपट घेतला आहे.

पद्धतीचे स्वरूप

मराठीच्या अभ्यासकाला ही रीत अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ असा रचनाकाळ दिलेला आहे. पण प्रत्येक ग्रंथ आपला काळ असा स्वतः सांगत नाही. मग भाषा, उल्लेखिलेल्या व्यक्ती, नाणी, राजवटी अशा अंतर्गत पुराव्यांचा आधार घ्यावा लागतो. चित्रपटालाही हीच कसोटी लावता येते.

प्रथम चार गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : कथा जेथे घडते ते कथास्थळ, चित्रण जेथे झाले ते चित्रीकरणस्थळ, कथा ज्या काळात घडते तो कथाकाळ आणि चित्रपट ज्या काळात तयार झाला तो निर्मितीकाळ. या चारही गोष्टींच्या खुणा पडद्यावर एकाच वेळी उमटतात, हीच खरी अडचण आहे.

काळ ठरविताना पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा शोधाव्या लागतात. आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंदमापी रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो मार्ग रुंदमापी झाला. एखाद्या कथेतील पात्र बार्शीच्या छोट्या गाडीत बसत असेल, तर ती कथा १८९७ पूर्वीची असू शकत नाही आणि मार्गबदलानंतरचीही असू शकत नाही. एका वस्तूने दोन्ही मर्यादा दिल्या. मात्र सगळ्याच वस्तू इतक्या उपकारक नसतात.

वेस्टर्न चित्रपटाची परंपरा

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील वसाहतींचा काळ हा वेस्टर्न चित्रपटांचा विषय होय. बहुतेक कथा १८६५ ते १८९० या पंचवीस वर्षांतील असतात. या चित्रपटांचा काळ ठरविताना अभ्यासक १८६९ साली पूर्ण झालेला आंतरखंडीय लोहमार्ग, १८७३ ची विंचेस्टर बंदूक, १८७४ साली पेटंट मिळालेली काटेरी तार अशा खुणा पाहतात. सर्जियो लिओने यांचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) हा चित्रपट अमेरिकन यादवी युद्धातील न्यू मेक्सिको मोहिमेच्या, म्हणजे १८६२ च्या पार्श्वभूमीवर घडतो. त्यात मात्र डायनामाइट दिसते आणि त्याचे पेटंट १८६७ सालचे आहे. शिवाय न्यू मेक्सिको म्हणून दिसणारी भूमी स्पेनमधील आहे. अशा वेळी कथाकाळ १८६७ नंतरचा न मानता डायनामाइटला कालविपर्यास मानावे लागते. कारण एका वस्तूपेक्षा संपूर्ण युद्धाचा संदर्भ अधिक वजनदार ठरतो. पुरावे मोजायचे नसतात, तोलायचे असतात, हे येथे लक्षात येते.

'शोले'तील अंतर्गत पुरावा

रमेश सिप्पी दिग्दर्शित आणि सलीम-जावेद लिखित 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्यावर 'सेव्हन सामुराय' (१९५४) या जपानी चित्रपटाचा आणि लिओने यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) या वेस्टर्नचा प्रभाव सर्वमान्य आहे.

स्थळाचा विचार करता सर्वांत बोलका पुरावा जबलपूरचा आहे. इमामसाहेबांचा मुलगा अहमद (ही भूमिका सचिन पिळगावकर यांनी केली आहे) याला जबलपूरच्या विडी कारखान्यात नोकरी मिळत असते आणि तिकडे जाण्यासाठी स्टेशनकडे निघाला असताना त्याचा बळी जातो. जबलपूर-सागर हा तेंदूपानांचा व विडी उद्योगाचा प्रसिद्ध पट्टा आहे. सूरमा भोपाली या पात्राचे नावच भोपाळकडे बोट दाखविते. गब्बरसिंग हे नाव चंबळ खोऱ्यातील एका प्रत्यक्ष दरोडेखोराचे होते. तो १९५९ साली पोलीस चकमकीत मारला गेला. त्या वेळी मध्य प्रदेशाच्या पोलीस दलाचे प्रमुख असलेले के. एफ. रुस्तमजी यांचा जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. लेखकद्वयीपैकी सलीम खान इंदूरचे, तर जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा आणि शिक्षण भोपाळचे. तेव्हा शब्दांचा पुरावा एकमुखाने मध्य प्रदेशाकडे जातो.

भूमीचा पुरावा मात्र वेगळेच सांगतो. रामगढभोवतीचे उघडेबोडके, गोलाकार ग्रॅनाइटचे डोंगर बंगळूर-म्हैसूर मार्गावरील रामनगरचे आहेत. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी तेथे गाव उभे केले. चंबळचे दरोडेखोर ज्या बेहडांत लपत, त्या मऊ मातीत पाण्याने कोरलेल्या घळी असतात. तेथे असे कातळ नाहीत. सपाट माथ्याच्या बालाघाट डोंगररांगा आणि बेसाल्टवरील काळी जमीन रोज पाहणाऱ्या वैराग-बार्शीच्या वाचकालाही हा प्रदेश आपला नव्हे, हे चटकन उमगते. आगगाडीवरील दरोड्याचा प्रसंग तर पनवेल परिसरातील लोहमार्गावर चित्रित झाला. म्हणजे मध्य प्रदेशातील कल्पित गाव, कर्नाटकातील डोंगर आणि महाराष्ट्रातील रेल्वे यांचा संयोग म्हणजे रामगढ होय.

काळाचा पुरावा अधिक पातळ आहे. कारागृहातील विनोदी जेलर आपण इंग्रजांच्या काळातील असल्याची बढाई मारतो. त्यावरून कथा १९४७ नंतरची, हे निश्चित होते. वाफेचे इंजिन काही ठरवू देत नाही, कारण भारतात ते १९७५ नंतरही दीर्घकाळ धावत होते. नायकांचे जीन्सचे कपडे निर्मितीकाळाचे, म्हणजे सत्तरच्या दशकाचे आहेत. ठाकूरांच्या वाड्यात रात्री दिवे मालविले जातात, विजेची खूण नाही. परंतु गावात पाण्याची उंच टाकी आहे. प्रेक्षकांनी यावर पुष्कळ विनोद केले आहेत. टाकी डिझेल इंजिनाने भरली जात असावी, असे मानण्यास वाव असल्यामुळे तिला कालविपर्यास म्हणता येत नाही. पण तिच्यावरून वर्षही ठरत नाही. एकंदरीत कथाकाळ १९४७ ते १९७५ या अठ्ठावीस वर्षांपेक्षा अधिक नेमका करता येत नाही.

अनुपस्थितीचा पुरावा

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागते. काय दिसते याइतकेच काय दिसत नाही, हेही पुरावाच असते. रामगढमध्ये सरपंच नाही, तलाठी नाही, पंचायत समिती नाही, मतदान नाही, सहकारी सोसायटी नाही. पोलीस चौकीही गावात नाही. ठाकूर स्वतः माजी पोलीस अधिकारी असूनही भाडोत्री गुन्हेगारांना बोलावितात. वेस्टर्न कथेला सीमेवरची वस्ती लागते आणि सीमेवर राज्यसंस्था पोहोचलेली नसते. स्वतंत्र भारतात अशी कथा रचण्यासाठी लेखकांना गावातून राज्यसंस्थाच काढून टाकावी लागली. ती काढली की गावाचा काळही जातो. कारण आधुनिक भारतीय खेड्याचे वर्ष त्याच्या संस्थांवरूनच ओळखता येते.

पोलीस रामगढमध्ये येतात ते शेवटी. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतात. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे तो बदलून पोलीस मध्ये पडतात असे दाखविले गेले. मूळ शेवटासह पुनर्संचयित केलेली प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली. म्हणजे जुन्या प्रतीतील पोलिसांचे आगमन हा कथाकाळाचा नव्हे, तर १९७५ या निर्मितीकाळाचा पुरावा आहे.

तुलना : 'सामना'

जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित 'सामना' हा वेस्टर्न नव्हे. तथापि एका बलाढ्य माणसाच्या मुठीत असलेल्या गावात परका इसम येतो आणि सर्वांनी दडविलेल्या गोष्टीविषयी प्रश्न विचारतो, ही त्याची मांडणी वेस्टर्नशी जवळचे नाते सांगते. श्रीराम लागू यांनी साकारलेला मास्तर आणि निळू फुले यांनी साकारलेले हिंदुराव धोंडे पाटील यांचा हा सामना आहे.

या चित्रपटातील गावाचे नाव बाजूला ठेवले तरी स्थळ व काळ ठरविता येतात. हिंदुरावांची सत्ता सहकारी साखर कारखानदारीवर उभी आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. तेव्हा कथा त्यानंतरची. एका कारखान्यातून गावाच्या सर्व व्यवहारांवर सत्ता पसरण्यास आणखी दहा-पंधरा वर्षे लागणारच. १९६० साली महाराष्ट्र राज्य आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यानंतर ही सत्ता दृढ झाली. स्वातंत्र्यलढ्यात उमेद घालविलेला मास्तर आता उतारवयाकडे झुकलेला आहे. या सर्वांवरून १९६५ ते १९७४ हा कालखंड आणि पश्चिम महाराष्ट्राचा ऊसपट्टा हे स्थळ मानणे सयुक्तिक ठरते. ज्यांच्या तालुक्यात कारखान्याची निवडणूक झाली आहे, त्यांना हे गाव वेगळे ओळखून द्यावे लागत नाही.

निष्कर्ष

१. गावाला नाव असणे म्हणजे गावाला स्थळ असणे नव्हे. रामगढचे नाव सर्वांना ठाऊक आहे, तरी ते नकाशावर ठेवता येत नाही.

२. डोंगर, वेशभूषा आणि वाहने बहुधा निर्मितीविषयी सांगतात. संवादांतील उल्लेख लेखकाच्या प्रदेशाविषयी सांगतात. कथाकाळाविषयी सर्वाधिक विश्वसनीय पुरावा संस्थांचा असतो.

३. परस्परविरोधी पुरावे आढळल्यास ते लपवू नयेत. कोणता पुरावा कोणत्या थराचा आहे, हे नोंदविल्यास विरोधाचे निरसन होते.

४. 'शोले'वरून भारतीय खेड्याविषयी विधान करता येत नाही. मात्र १९७५ च्या प्रेक्षकाला राज्यसंस्थेवाचून असलेले खेडे का पटले, हा प्रश्न अवश्य विचारता येतो.

आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना या पद्धतीचा सराव करण्यासाठी 'सैराट' (२०१६) हे सोयीचे उदाहरण आहे. करमाळा तालुक्याचे कथास्थळ, तेथीलच चित्रीकरण आणि तेथीलच बोली तेथे एकत्र आल्या आहेत. प्रथम असा सुसंगत चित्रपट तपासावा, नंतर 'शोले'सारखा विसंगत. चित्रपटाला पुरावा म्हणून बोलावण्यापूर्वी त्याची उलटतपासणी करण्याची सवय त्यातून लागेल.