जंतू सापडला, वाट सापडेना

मुंबईच्या मांडवीत धान्याच्या वखारी होत्या, आणि वखारी म्हटल्या की उंदीर आलेच. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथले गाठीच्या तापाचे रुग्ण पाहिले आणि हा प्लेग असल्याचे निदान केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1894 मध्ये, अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये या रोगाचा जंतू शोधला होता. मारेकरी माहीत होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र ठाऊक नव्हते. या अज्ञानाची फार मोठी किंमत मुंबई-पुण्याने मोजली.

रोग घाणीत, ओलाव्यात, कोंदट हवेत आहे, अशी सरकारची समजूत होती. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, घरांची कौले काढून ऊन आत घेतले गेले. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत वापरला गेला तो हाच. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने सोजीर घरांत, माजघरांत, देवघरांत शिरले. त्या संतापातून 22 जून 1897 च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. अत्याचार तर झालाच, पण ज्या उपायांसाठी तो झाला, त्यांचा रोख मुळातच चुकीच्या जागी होता. झाडलोट आणि औषधफवारणीने हुसकलेले उंदीर शेजारच्या घरांत जात होते, आणि रोग त्यांच्यासोबत.

गावाकडच्या माणसांनी मात्र एक गोष्ट नेमकी हेरली होती. घरात उंदीर पडू लागले की माणसे गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. त्यामागचे कारण त्यांना सांगता आले नसते, तरी शहरातल्या फवाऱ्यांपेक्षा हा उपाय शास्त्राच्या अधिक जवळ होता.

कारण सापडले ते 1898 मध्ये, कराचीत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी काही रुग्णांच्या पायांवर बारीक फोड पाहिले होते. नुकता मेलेला उंदीर हाताळणारा माणूस आजारी पडतो, पण बऱ्याच वेळापूर्वी मेलेला उंदीर उचलणाऱ्याला काही होत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी पिसवा असलेला आजारी उंदीर आणि धडधाकट उंदीर एकमेकांना स्पर्श होणार नाही असे जवळजवळ ठेवले. काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला. मधला दुवा पिसू होती! थंड पडलेले प्रेत सोडून ती नवे ऊबदार अंग शोधते. सिमाँ यांच्यावर तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. 1905 पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने प्लेगच्या घरांत गिनिपिग ठेवून पाहिले. पिसवांपासून वाचवलेले प्राणी जगले, बाकीचे मेले. तेव्हा कुठे शंका फिटली.

पुढचा उलगडा 1914 मध्ये झाला. प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्ननलिकेच्या टोकाशी वाढून तिथे बूच बसवतात. रक्त पोटात उतरत नाही, पिसू उपाशी राहते, अधाशासारखी पुन्हा पुन्हा चावते, आणि दर वेळी अडलेले रक्त जंतूंसह माणसाच्या जखमेत परत ओकते. पिसवेची भूक हेच जंतूचे वाहन ठरते.

माणसाच्या अंगात शिरल्यावर जंतू जवळच्या लसीका ग्रंथीकडे जातात. चावा बहुधा पायाला असल्याने गाठ जांघेत येते. पिसवेपेक्षा माणसाचे अंग गरम. त्या उष्णतेने जंतूचे वागणे पालटते. तो स्वतःभोवती आवरण चढवतो आणि आपल्याला गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये सुईसारख्या नळीतून घातक प्रथिने टोचतो. पेशी लुळ्या पडतात, गाठ सुजते, जंतू रक्तात उतरतात. ते फुप्फुसात पोहोचले की मग पिसवेचीही गरज उरत नाही. रोग्याच्या खोकल्यातूनच प्लेग पसरतो. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले याच साथीत 10 मार्च 1897 रोजी गेल्या. रोगाची वाट माहीत नसलेल्या त्या काळात रोग्याला हात लावायला केवढे धैर्य लागत असेल!

प्लेगकडे असे पाहिले की इतर रोगांतलीही एक खूण दिसू लागते. शरीराची जी नासधूस आपण रोग म्हणून भोगतो, तीच पुष्कळदा जंतूची पुढे जाण्याची सोय असते. पटकीचे जंतू दूषित पाण्यातून पोटात जातात. जठरातले आम्ल त्यांतले बहुतेक मारते. वाचलेले लहान आतड्याला चिकटून विष सोडतात. हे विष कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. त्याच्या प्रभावाने आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर ओतत राहतात. रोगी सुकून मरतो, आणि त्याच जुलाबांतून जंतू पुढच्या विहिरीत पोहोचतो. मात्र या गोंधळातही साखर आणि मीठ एकत्र शोषण्याची आतड्याची क्षमता शाबूत राहते. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले ते याच आधारावर.

क्षयाचे जंतू वेगळे, सबुरीचे. खोकल्यातून उडालेल्या अतिसूक्ष्म कणांवर ते बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगतात. फुप्फुसातली पेशी त्यांना गिळते, पण पचवू शकत नाही. ते तिच्याच पोटात दडून बसतात. लागण झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण 5 ते 10 टक्केच आजारी पडतात. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही यांनी प्रतिकार ढासळला की जंतू डोके वर काढतात, फुप्फुसात पोकळी पडते आणि ती श्वासनलिकेत उघडली की प्रत्येक ढासेसरशी नवे कण हवेत जातात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. कोंदट खोल्या आणि अर्धपोटी माणसे यांचा प्रश्न सोडवल्याखेरीज हा आकडा केवळ गोळ्यांनी खाली येणार नाही.

आणि पुन्हा उंदीर. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात त्याला फारसा त्रास न देता राहतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. पावसाचे पाणी तुंबले की तो त्यात मिसळतो आणि पायाच्या भेगेतून, ओरखड्यातून माणसात शिरतो. एरवी साधा वाटणारा ताप मग कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे, फुप्फुसात रक्तस्राव इथवर जाऊ शकतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने हे भोगले आहे. या रोगाची वाट आपल्याला पुरती ठाऊक आहे, म्हणून तिथे गाफील राहण्याला माफी नाही. पुढच्या पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर घरी येताच पाय साबणाने धुवा. आणि पायाला जखम असेल तर ताप येण्याची वाट न पाहता 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारा.