सुटलेल्या पाण्यावरचा तराफा

कोलाडजवळ कुंडलिका नदीत तराफ्यातून खळाळत जाण्याची हौस मुंबई-पुण्याच्या मंडळींत बरीच वाढली आहे. आम्ही कामगारांत वावरणारे. युनियनच्या सहलीच्या निमित्ताने तेथे गेलो. हौसेमागचा व्यवहार श्रोत्यांना सांगण्यासारखा वाटला, म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्यांचे दगड उघडे पडतात. मग एप्रिल-मेमध्ये कुंडलिकेला एवढे पाणी कोठून येते? ते घाटावरचे, मुळशीचे पाणी आहे. मुळा नदी आपल्या वाटेने भीमा-कृष्णेबरोबर पूर्वसमुद्राला जायची. तिला धरणाने अडवून, डोंगर फोडून, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. ज्यांची शेते-घरे बुडणार होती त्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तुरुंग भोगले आणि अखेर ते हरले. तराफ्यात बसणाऱ्यास हे कोणी सांगत नाही. सांगावे, असे आमचे मत आहे. जनित्रे फिरवून मोकळे झालेले पाणी सकाळी नदीत उतरते आणि फेऱ्या त्या वेळेला बांधलेल्या असतात. गिरणीच्या भोंग्यावर पाळी बांधलेली असे, तसेच हे.

तराफा रबरी कापडाचा. हवेचे कप्पे वेगवेगळे, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरतात. सहा-आठ जण काठावर बसून वल्ही मारतात, मागे वाटाड्या असतो. त्याला तांडेलच म्हणा. खळाळत्या पाण्याचे एक ते सहा असे वर्ग मानतात. सहावा म्हणजे जिवावरची गोष्ट. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातली, म्हणजे नवख्याला झेपणारी.

तांडेल पाणी वाचतो. दोन खडकांमधून गुळगुळीत पाण्याची पाचर जाते. तिचे टोक खालच्या अंगाला असेल तर ती वाट. टोक आपल्याकडे असेल तर तेथे बुडालेला दगड आहे असे समजावे. खडकामागे पाणी उलटे फिरते. तेथे तराफा थांबवून दम घेता येतो. आणि "वल्हवा!" असा तो ओरडतो तो उगीच नव्हे. प्रवाहाच्याच वेगाने वाहणारा तराफा दिशा धरत नाही, त्याला स्वतःचा वेग लागतो. आठांपैकी तिघेच वल्हवू लागले की तोंड फिरते. हे आम्हां संघटनेच्या माणसांना वेगळे शिकवावे लागले नाही!

पाण्यात पडल्यास काय करावे हे मात्र पाठच करावे. उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि वर उचललेले. गुडघाभर पाणी असले तरी धावत्या प्रवाहात उभे राहू नये. पाऊल दगडांच्या फटीत अडकते आणि पाणी अंगावर रेटा देऊन माणसाला पालथा पाडते. पोहता येणारेही असेच जातात. लाइफ जॅकेट दुसऱ्याकडून खांद्याशी ओढवून पाहावे. ते कानांपर्यंत वर सरकले तर पट्टे सैल आहेत.

आमच्यातल्या एकाने जॅकेट काढून उडी मारू देण्यासाठी तांडेलापुढे नोटा धरल्या. तो जवळच्याच गावचा तरुण. "जॅकेट काढायचं असेल तर काका, काठावर उतरा," एवढेच बोलला आणि तराफा खरोखरच काठाकडे वळवला. नोटा खिशात गेल्या, जॅकेट अंगावर राहिले.

असे 'नाही' म्हणायला पोटाला आधार लागतो. ज्याची मजुरी फेरीवर ठरते, त्याने पाणी फार वाढले म्हणून फेरी रद्द केली की त्याचा रोज बुडतो. मालकाने रद्द फेरीचाही रोज द्यावा आणि तांडेलाचा विमा उतरवावा, ही मागणी आम्हांस चैनीची वाटत नाही. तराफ्यातल्या आठ जिवांची हमी तीतच आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी गिऱ्हाइकाने दोन प्रश्न विचारावेत: फेरी रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, आणि रद्द झाली तर तांडेलाला रोज मिळतो का? जेवणात काय आहे, हे मागाहून विचारले तरी चालेल.

सुमारे १२ किलोमीटरवर फेरी संपते. सहलीची मंडळी कपडे बदलायला जातात. तांडेल आणि त्याचे सोबती ओला, जड तराफा डोक्यावर घेऊन चढ चढतात, गाडीवर बांधतात आणि पाणी आहे तोवर दुसरी फेरी गाठायला वर निघतात.