अकरावीतच वैधतेच्या मागे लागा

घोरावाडी स्टेशनवरून लोकलने पुणेही गाठता येते, लोणावळाही. कॉलेजांना तोटा नाही. आपल्या मुलांचे अडते ते कागदांवर. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी पूर्वजांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. पणजोबा शाळेतच गेले नसतील, आपल्याकडे हे नेहमीचेच, तर गावच्या जुन्या महसुली नोंदी पाहा. यात महिने जातात, सीईटीच्या निकालापर्यंत थांबू नका.

दाखल्यावर धर्म बौद्ध आहे म्हणून घाबरू नका. १९९० पासून केंद्राच्याही अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना आहेत. फक्त केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर समाजकल्याण खात्याकडे 'स्वाधार'चा अर्ज करता येतो.